पाळकापुढील दुहेरी पेच

धसईसह मुरबाड-शहापूर पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. अशा भागात काम करणाऱ्या ख्रिस्ती पाळकापुढे दुहेरी पेच उभा राहतो. राज्यघटनेचे कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देते. मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. परिणामी औषधपाणी, शिकवणी, धान्य ही मदतही ‘आमिष’ ठरण्याची भीती राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने सक्तीच्या धर्मांतरासंदर्भात पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

दुसरा पेच दाखल्याचा. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. तरीही धर्मांतरितांना यादीतून वगळण्याची मागणी होत असल्याने कुटुंबांना सवलतींची धास्ती वाटते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. परकेपणाचा शिक्का पुसणे हाच त्यामागचा हेतू होता. आजच्या मंडळ्यांनीही स्थानिक नेतृत्व घडवावे, हिशेब उघडे ठेवावेत, मदत आणि उपासना यांची सरमिसळ टाळावी. शांततेने चाललेल्या प्रार्थनेला संरक्षण देणे, ही मात्र प्रशासनाचीच जबाबदारी ठरते.