विष्णुपुरीची इमारत : इतिहास केवळ किल्ल्यांचाच असतो काय?

कंधारच्या किल्ल्यावर आपण सारे धागे लिहितो, आणि लिहावेतच. परंतु नांदेडहून गोदावरी ओलांडून लातूर रस्त्याने जाताना दिसणाऱ्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेच्या इमारतीला आपण ‘इतिहास’ म्हणत नाही. हे मला चुकीचे वाटते.

सन पाहा : १९८१. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ मध्ये सुरू झाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. औरंगाबादेस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते १९६० मध्ये. नांदेडला आणखी एकवीस वर्षे थांबावे लागले.

या एकवीस वर्षांच्या पोटात १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन आहे. वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी बळी पडले. त्या आंदोलनामुळेच ही संस्था उभी राहिली, असे एका ओळीत लिहिणे आततायीपणाचे होईल. पण अनुशेषाचा प्रश्न ज्या पिढीने रस्त्यावर आणला, तिला वगळून ही इमारत समजत नाही, हे माझे ठाम मत आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार वसंतदादांनी १९८३ मध्ये उघडले. विष्णुपुरीची संस्था त्यापूर्वीची, शासनाच्या पैशातून उभी राहिलेली. शुल्क परवडेल का, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलासाठी गौण ठरावा, हा विचार त्या भिंतींमागे होता.

गंमत म्हणजे शेजारचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. म्हणजे महाविद्यालय विद्यापीठाहून तेरा वर्षांनी वडील! पहिल्या तुकड्यांची पदवी औरंगाबादच्या विद्यापीठाची.

इथल्या अभ्यासक्रमांत वस्त्रतंत्रज्ञानही आहे. कापसाच्या या मुलखात, निजामकाळी उस्मानशाही गिरणी चालवलेल्या शहराजवळ, हा विषय शिकवला जावा, याचे मला विशेष अप्रूप वाटते. गिरणी बंद पडली, विषय उरला. यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा.

दगडी शिलालेख आणखी शंभर वर्षे टिकेल. बांधकामाचे नकाशे, निविदा, पहिल्या प्रवेशयाद्या यांना मात्र वाळवी लागते. पहिल्या तुकडीतले विद्यार्थी आता साठीत आहेत. तुमच्या घरात, गल्लीत त्यांपैकी कोणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्यापुढे बसा, ध्वनिमुद्रण सुरू करा आणि पहिला प्रश्न हाच विचारा : तेव्हा विष्णुपुरीला जायचात कसे?