दोन मिनिटांचा हिशेब

झटपट नूडल्सचा शोध १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी लावला आणि १९८३ साली मॅगीच्या रूपाने हा पदार्थ भारतीय स्वयंपाकघरात आला. त्या काळी शाळेतून परतल्यावर तो चाखणारी मुले आज स्वतः आईवडील झाली आहेत. नोकरीनिमित्त बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी स्थिरावलेल्या आपल्या अनेक ग्राहक-कुटुंबांत पतिपत्नी दोघेही कार्यालयात आणि आजी-आजोबा गावाकडे, अशी स्थिती असते. तेथे हे पाकीट जणू घरातील एक सदस्यच होऊन बसले आहे. त्याला सरसकट विष ठरविणे मला मान्य नाही. मात्र त्याची खरी किंमत वेष्टनावर छापलेल्या किमतीहून निराळी आहे, आणि ती पडताळण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१५ सालचे प्रकरण वाचकांना स्मरत असेल. उत्तर प्रदेशातून घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यात दशलक्ष भागांत १७.२ भाग शिसे आढळल्याचा अहवाल आला. अनुज्ञेय मर्यादा २.५ भागांची होती. ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हा माल बाजारातून परत घेण्याचा आदेश दिला. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कंपनीला म्हणणे मांडण्याची योग्य संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर आदेश आधारला होता त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती, ही त्यामागील प्रमुख कारणे होत. न्यायालयाने नेमून दिलेल्या तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा दुकानांत आला.

या साऱ्या गदारोळातून आपण काय घेतले? बंदी आली तेव्हा घाबरलो, उठली तेव्हा निश्चिंत झालो. शिशाच्या चर्चेत मिठाची गोष्ट मात्र राहूनच गेली.

ती गोष्ट वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली असते. समजा, तेथे १०० ग्रॅममागे १,२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. ७० ग्रॅमच्या पाकिटात ते ८४० मिलिग्रॅम झाले. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे सुमारे २.१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मुलांसाठी मर्यादा त्याहूनही खाली. एका वेळच्या खाऊतच दिवसाच्या मर्यादेचा दोन पंचमांश भाग संपला! शिवाय बहुतेक नूडल्स मैद्याच्या असतात आणि वाफवल्यानंतर, बहुधा पाम तेलात, तळून कोरड्या केलेल्या असतात. दोन मिनिटांत शिजण्याचे रहस्य या तळणीतच आहे. कर्जाच्या करारपत्रातील बारीक अक्षरे वाचा, असे आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. तोच आग्रह येथेही धरावासा वाटतो.

पर्याय शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेवई हा आपला जुनाच पदार्थ आहे. भाजलेली गव्हाची शेवई, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, गाजर, मटार, फरसबी आणि वरून लिंबू : दहा-बारा मिनिटांत उपमा तयार होतो. शेवईचे पाकीटही दुकानातलेच, हे खरे. परंतु ती सहसा तळलेली नसते आणि तिच्याबरोबर मसाल्याची पुडी येत नसल्याने मिठाचा चमचा आपल्या हाती राहतो. (मैद्याची की रव्याची, हे मात्र पाहून घ्यावे.) मुलांना ‘ती’च चव हवी असेल तर धने, जिरे, मिरी, सुंठ, वाळवलेला लसूण आणि आमचूर यांची पूड करून ठेवावी. चव अगदी तशीच येते असा दावा मी करणार नाही. मुले कुरकुरतात, आणि चार दिवसांनी खातात.

कोकणातील शिरवाळे तर तांदळाच्या नूडल्सच होत. पिठाचे गोळे उकडून सोऱ्यातून पाडायचे आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खायचे. केरळ-तामिळनाडूतील इडियप्पम आणि कर्नाटकातील शाविगे ही त्यांचीच भावंडे. रविवारच्या न्याहारीसाठी उत्तम, डब्यासाठी नव्हे. नारळाचा रस लवकर नासतो. डाळीची प्रथिने हवी असतील त्यांनी वरणफळे करावीत. गुजरातेत राहणाऱ्यांना तीच ‘दाळ ढोकळी’ म्हणून शेजारच्या घरी भेटतील. आमटी उरली असेल आणि कणीक भिजलेली असेल, तर वेळ असा लागतच नाही.

तथापि ‘घरचे’ म्हणजे ‘सुरक्षित’ हे समीकरणही भाबडेपणाचे आहे. ज्या शिशावरून २०१५ साली एवढा गहजब झाला, ते सुट्या हळदीतही असू शकते. रंग उठावदार दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि अख्ख्या हळकुंडांनाही ते चोळले जाते. तेव्हा हळद-तिखट परवाना क्रमांक आणि एगमार्क पाहूनच घ्यावे. रस्त्याकडेला धुळीत वाळत घातलेल्या शेवया केवळ हातच्या आहेत म्हणून निर्दोष ठरत नाहीत.

आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. ‘घरी करा’ हा उपदेश बहुधा घरातील स्त्रीलाच उद्देशून असतो. दिवसभर काउंटर सांभाळून घरी परतणाऱ्या माझ्या सहकारी भगिनींना तो ऐकवण्याचे धाडस मी करणार नाही. शेवयांना फोडणी देण्यासाठी लागणारे कौशल्य घरातील पुरुषांना आणि बारा वर्षांच्या मुलांना सहज साध्य आहे. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी महिला बचत गटांकडून शेवया घ्याव्यात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली, आणि गटातील प्रत्येक सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही. खरेदी करताना त्यांनाही उत्पादनाची तारीख आणि अन्न सुरक्षा नोंदणी क्रमांक विचारावा. आपला माल काळजीपूर्वक करणाऱ्या भगिनींना या प्रश्नाचा राग येत नाही; बहुधा पाकीट उलटून त्या स्वतःच दाखवतात.