जुना इन्व्हर्टर : कल्हईविना भांडे

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा एखाद्या वैद्यकीय विषयावरच लिहावे असा प्रथम विचार होता. परंतु गेल्या वर्षभरात आपल्या बैठकांमध्ये चहाच्या वेळी मला जो प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला गेला, तो औषधोपचारासंबंधी नव्हता. "घरावर सौर यंत्रणा बसवायची आहे, इन्व्हर्टर जुना घेतला तर चालेल का?" हा तो प्रश्न. आजवर मी त्याचे उत्तर हसत हसत देत आलो. आज ते गांभीर्याने द्यावयाचे आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे.

उकवा हे बालाघाटहून घाट चढून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे ओळखले जाणारे गाव. भोवताली जंगल. पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर आली की रात्र अंधारात काढावी लागते, हे येथे राहणाऱ्यास नवीन नाही. म्हणून २०१२ साली मी घर आणि दवाखाना मिळून बॅटरीवर चालणारी लहानशी सौर यंत्रणा बसविली. तिने बारा वर्षे इमानाने सेवा केली. २०२४ मध्ये घरावर ३ किलोवॅटची नवी यंत्रणा आली आणि जुना इन्व्हर्टर अडगळीत पडला. माझ्या कंपाउंडरने तो मागितला. मी चार हजार रुपये घेऊन तो त्यास दिला आणि आपण उपकार केला अशा समाधानात राहिलो.

त्याच्या वडिलांना तरुणपणापासूनच्या बिडीमुळे जडलेला जुना श्वासविकार आहे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. हिवाळा-उन्हाळ्यात त्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखा उत्तम चालला. पुढच्या पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली आणि वडिलांना धाप लागली. कॉन्सन्ट्रेटर सुरू करताच इन्व्हर्टर बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. शेवटी भर पावसात मोटारसायकलवर वडिलांना मध्ये बसवून, मागे धाकट्या भावाला घेऊन तो माझ्या दारी आला. वडील सावरले. पहाटे मी त्याला विचारले, "अरे, एवढे यंत्र जोडण्यापूर्वी ते कोणाला दाखवून तरी घ्यायचे!" तो म्हणाला, "साहेब, मशीन तुमचीच होती ना, म्हणून विचारलंच नाही."

या वाक्यानंतर मला झोप लागली नाही. पुढे बालाघाटच्या एका कारागिराने तो इन्व्हर्टर उघडला. आतील दोन कॅपॅसिटर माथ्यावर फुगलेले होते. पंख्याचा भार ते निभावून नेत होते. परंतु कॉन्सन्ट्रेटरमधील मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, तो धक्का त्यांना सोसवला नाही. हृदयरोग्याला बसल्या जागी काही त्रास नसतो, जिना चढताना दम लागतो, त्यातलाच हा प्रकार.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुनी वस्तू वापरणे हा आपल्या संस्कृतीत कमीपणा नाही. आजीच्या लुगड्यांची गोधडी होते, आजोबांचा तांब्याचा हंडा नातवाच्या घरी नांदतो. परंतु जुन्या पितळी पातेल्याला आपण आधी कल्हई करून घेतो. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी ठेवली तर ती कळकते, आणि बाहेरून भांडे कितीही लखलखीत असले तरी कळकायचे थांबत नाही. इन्व्हर्टरची गोष्ट नेमकी अशीच आहे.

सौर यंत्रणेतील दोन प्रमुख अवयव निरनिराळ्या रीतीने म्हातारे होतात. पॅनेलमध्ये हलणारा किंवा सुकणारा भाग नाही. त्याची शक्ती दरवर्षी साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याने घटते आणि पंचवीस वर्षे ते उपयोगी पडते. त्याचे दुखणे उन्हात मल्टिमीटर लावला की कळते. इन्व्हर्टरमधील इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत भिंतीवर टांगलेला इन्व्हर्टर आणि वाऱ्याशी सावलीत लावलेला इन्व्हर्टर एकाच वर्षी विकत घेतलेले असले, तरी त्यांचे वय एक नव्हे. सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा वर्षांत इन्व्हर्टर थकतो. थोडक्यात, जुने पॅनेल आपला दोष लपवीत नाही. जुना इन्व्हर्टर लपवितो.

दुसरा मुद्दा इतरांच्या जिवाचा आहे. नेट मीटर लावून वीज कंपनीच्या तारांना जोडलेल्या यंत्रणेत, बाहेरचा पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत आपली वीज तारेत सोडणे थांबविले पाहिजे. अन्यथा तार मृत समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती आपल्या छपरावरची वीज जाईल. या संरक्षणाच्या चाचणीसाठी आपल्याकडे आयएस १६१६९ हे मानक आहे. कोठून तरी आणलेल्या, परदेशी ६० हर्ट्झच्या किंवा कोणी छेडछाड केलेल्या यंत्रात ते संरक्षण शाबूत आहे की नाही, हे घरी बसून सांगता येत नाही. (बॅटरी नसलेली अशी यंत्रणा वीज गेल्यावर आपल्या घरालाही वीज देत नाही, हेही अनेक व्यवसायबंधूंना पैसे भरल्यावर समजते. दवाखाना असेल तर बॅटरीसह चालणारी यंत्रणाच हवी.)

तिसरा मुद्दा हिशेबाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती यंत्रणेस १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. त्यासाठी नोंदणीकृत विक्रेता आणि मानकांत बसणारी सामग्री लागते. जुन्या इन्व्हर्टरवर काही हजार वाचविण्याच्या मोहात हमीही जाते आणि अनुदानही अडचणीत येते.

आपल्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप असा : "आपण वापरलेली सोनोग्राफीची यंत्रे घेतोच की!" आक्षेप रास्त आहे. परंतु ते यंत्र कायद्यान्वये नोंदणीकृत केंद्रालाच विकता येते, त्याचा कागद राहतो, अभियंता सुटे भाग बदलून ते तपासून देतो, आणि त्याचा दोष बहुधा पडद्यावर दिसतो. म्हणजे ते कल्हई केलेले भांडे आहे. त्याच अटींवर जुना इन्व्हर्टर मिळत असेल, तर शेतावरील दिव्यांसाठी किंवा अंगणातील पंख्यासाठी तो अवश्य घ्यावा. रुग्णाच्या उशाशी मात्र नको, आणि वीज कंपनीच्या तारेवर तर नकोच.

घ्यावयाचाच असेल, तर आपण रुग्ण तपासतो त्याच क्रमाने तपासावा. प्रथम पूर्ववृत्त : निर्मितीचे वर्ष, मूळ पावती, कोठे टांगलेला होता, वीज पडली होती काय, मालक तो का विकत आहे. मग तपासणी : सर्व जोडण्या तोडून, कॅपॅसिटरमधील साठा उतरू देऊन, जाणत्या कारागिराकडून झाकण उघडवावे, फुगलेले कॅपॅसिटर, जळका वास, मुंग्या-पालींचे अवशेष, अडलेला पंखा पाहावा. शेवटी चाचणी : पूर्ण भारावर दोन तास, आणि त्यात मोटारीचे एखादे यंत्र वारंवार चालू-बंद करून. आपल्या पठारावरील थंडीही ध्यानात घ्यावी. २५ अंशांना ४५ व्होल्ट दाखविणारी दोन पॅनेल एकापुढे एक जोडली तर ९० होतात. डिसेंबरच्या पहाटे ५ अंशांना तीच ९५ च्या आसपास जातात. जुन्या यंत्राची मर्यादा तेवढी नसेल तर ते पहिल्याच हिवाळ्यात दगावते.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पाचशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर प्रत्येकी २ किलोवॅटच्या सौर यंत्रणा बसविण्यात आल्या. पुढे झालेल्या पाहणीत अशा केंद्रांत रात्रीच्या सेवा आणि बाळंतपणे अधिक होत असल्याचे आढळले. रात्रीची खात्रीची वीज हीच आपल्या भागातील अर्धी आरोग्यसेवा आहे, हे त्यावरून पटावे. जेथे खात्री हाच माल आहे, तेथे अंदाजाने खरेदी करू नये.

कंपाउंडरचे पैसे मी परत केले. नव्या इन्व्हर्टरचा अर्धा भार मी उचलला, अर्धा त्याने आग्रहाने स्वतः दिला. जुने यंत्र ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे गेले.

परंतु प्रश्न एका यंत्राचा नाही. आपली जुनी यंत्रे कंपाउंडर, शिक्षक, शेजारी यांच्याकडे जातात आणि त्यांच्याबरोबर आपल्या नावावरचा विश्वासही जातो. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविताना आपण चिठ्ठी देतो : वय, आजार, दिलेली औषधे. जुने यंत्र देतानाही तशीच चिठ्ठी द्यावी : किती वर्षे चालले, कशात बिघडले, कशासाठी वापरू नये. आपल्या मंडळाने येत्या वार्षिक सभेत सभासदांसाठी असा एक साधा नमुना संमत करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. एक कागद आणि पाच मिनिटे, एवढाच त्याचा खर्च. मी ती पाच मिनिटे दिली नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.