मालवण : कोल्हापूरचे विसरलेले बंदर

#थ्रेड #इतिहास

१) पावसाळा सरला की कोल्हापूरकरांच्या गाड्या राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरू लागतात. मालवण, तारकर्ली, देवबाग. ताजी मासळी, होडीची सैर, सिंधुदुर्गाची तासाभराची फेरी आणि परतीचा रस्ता. या प्रवासात आपण परक्या गावी नव्हे, तर आपल्याच राज्याच्या जुन्या बंदरात जात असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. म्हणून हा धागा.

२) कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पुढे छत्रपतींच्या गादीच्या दोन शाखा झाल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर यांच्या सीमा ठरल्या. अठराव्या शतकात मालवण व सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. पंचगंगेकाठच्या राज्याला तेव्हा स्वतःचा समुद्र होता, आरमार होते.

३) याच आरमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत एक ठरलेले नाव आहे : चाचे. मालवणच्या दर्यावर्दींना ते ‘मालवान’ म्हणत आणि त्या शब्दाचा अर्थच समुद्री लुटारू असा धरत. एका गावाचे नाव शिवीसारखे वापरले गेले.

४) १७६५ मध्ये कंपनीने मुंबईहून मोहीम पाठवून सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याचे नाव ठेवले ‘फोर्ट ऑगस्टस’. तेव्हा कोल्हापूरचा कारभार छत्रपती संभाजीराजांच्या विधवा राणी जिजाबाई पाहत होत्या. किल्ला राखणे परवडणारे नाही, हे कंपनीला लवकरच उमगले. पुढच्याच वर्षी तह करून, पैसे घेऊन तो कोल्हापूरला परत देण्यात आला. ऑगस्टस हे नाव लाटेवरच्या फेसासारखे विरून गेले.

५) संघर्ष मात्र थांबला नाही. १७९२ च्या तहात १७८५ पासूनच्या व्यापाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई देण्याचे आणि मालवण व कोल्हापूर येथे इंग्रजांना वखारी घालू देण्याचे छत्रपतींना मान्य करावे लागले. दरम्यान पटवर्धन, निपाणीकर, सावंतवाडीकर यांच्याशी चाललेल्या लढायांनी राज्य थकत गेले.

६) अखेर १८१२ मध्ये करार झाला. परकीय आक्रमणापासून संरक्षणाची हमी कंपनीने दिली. तिच्या बदल्यात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग गेला. त्या वर्षी सावंतवाडीकडून वेंगुर्लेही कंपनीकडे गेले. कोल्हापूरच्या आरमाराची कथा इथे संपते.

७) आता मूळ प्रश्न. हे लोक चाचे होते का? पश्चिम किनाऱ्यावर परवान्याची पद्धत पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच रूढ केली होती. त्यांचा ‘कार्ताझ’ नसलेले गलबत पकडले जाई, माल जप्त होई. पुढे इंग्रजांनीही आपापले परवाने चालवले. गोऱ्यांनी गलबत अडवले की तो कायदा आणि मालवणकरांनी अडवले की दरोडा, ही विभागणी जेत्याच्या दप्तराची आहे.

८) याचा अर्थ मालवणची प्रत्येक धाड धर्मयुद्ध होती, असा नव्हे. लुटल्या गेलेल्यांत साधे व्यापारी होते, गरीब खलाशी होते. त्यांचे दुःख खरे होते. पण इतिहासाला एकच मोजमाप हवे. ते आपल्याला लावायचे असेल, तर इंग्रजांनाही लावावे लागेल.

९) यासाठी इंग्लंडमधीलच एक गाव पाहू. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर नदीमुखाशी वसलेले, अरुंद गल्ल्यांचे, शांत असे फॉय. मध्ययुगात येथील खलाशी फ्रेंच जहाजे लुटत. १४५७ मध्ये चिडलेल्या फ्रेंचांनी या गावावर हल्ला केला. पुढे राजाने फ्रान्सशी तह केला, तरी फॉयकरांच्या धाडी थांबेनात, म्हणून राजानेच त्यांची जहाजे काढून घेतली.

१०) या खलाशांना तिथे काय म्हणतात? ‘फॉय गॅलंट्स’, म्हणजे फॉयचे शूरवीर! बंदराच्या मुखाशी साखळी ताणण्यासाठी बांधलेल्या बुरुजांचे अवशेष आजही तेथे उभे आहेत. गावाने आपल्या पूर्वजांची लूट नाकारली नाही आणि त्यांचे शौर्यही टाकून दिले नाही. तेथे जाणारा प्रवासी दोन्ही गोष्टी ऐकून परततो.

११) आपण मात्र मालवणबाबत काय केले? शिवकाळाचा जयजयकार केला आणि त्यानंतरचे शतक गाळून टाकले. किल्ल्यावर गाईड दुधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवतो. महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतो. ते पाहावेच. परंतु जिजाबाई, १७६५, १८१२ हे शब्द कानावर पडत नाहीत आणि आपणही विचारत नाही.

१२) वास्तविक नाते पूर्ण तुटलेले नाही. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची मूर्ती पुजली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मंदिराचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी उभारला. किल्ला हातचा जाऊन नव्वद वर्षे उलटल्यावरही कोल्हापूरच्या छत्रपतींना तो आपला वाटत होता. आपल्याला तो केवळ सहलीचा का वाटावा?

१३) माझे मत स्पष्ट आहे. मालवणच्या धक्क्यावर आणि कोल्हापुरात, दोन्हीकडे, या शतकाची हकिगत सांगणारा फलक असावा. त्यात तह असावेत, पराभव असावेत आणि लुटीच्या तक्रारीही असाव्यात. इतिहास अर्धा सांगितला की उरलेला अर्धा शत्रूच्या शब्दांत वाचावा लागतो.

१४) आपल्याला किल्ल्यावर नेणाऱ्या होडीच्या सुकाणूवर जो बसलेला असतो, त्याच्या गावच्या पूर्वजांना कंपनीने चाचे ठरवले. कदाचित त्यांपैकीच कोणी कोल्हापूरच्या निशाणाखाली याच खडकांतून वाट काढत गलबत हाकले असेल. पुढच्या खेपेस उतरताना भाड्याबरोबर त्याला दोन शब्द विचारा. दर्याची जी माहिती दप्तरांत उतरली नाही, ती त्याच्यापाशी असण्याचा संभव अधिक आहे.

(समाप्त)