दूरस्थ वर्ग आणि विद्यार्थ्याचे वाचन

मार्च २०२० नंतर अध्यापन पडद्यावर गेले. व्याख्यान मात्र व्याख्यानच राहिले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांची मर्यादा सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत वाढविली, तेव्हा हा प्रश्न तात्पुरता उरलेला नाही. विद्यार्थिकेंद्री अध्यापन म्हणजे ध्वनिचित्रफितींची रेलचेल नव्हे. ‘लीळाचरित्रा’तील एखादी लीळा विद्यार्थ्यांनी आधी वाचावी, अडलेले शब्द व आपापला अन्वयार्थ लिहून पाठवावा आणि अध्यापकाने तेथूनच वर्ग सुरू करावा. खेड्यात जोडणी तुटणाऱ्या विद्यार्थिनीला (आणि वर्गात एरवी गप्प बसणाऱ्यालाही) मत मांडण्याची संधी यातच आहे. पाठभेदांची चर्चा तर अशी लेखीच अधिक रंगते. साठ जणांचे लेखन दर आठवड्याला वाचणे जड जाणार, हे खरे. म्हणूनच कार्यभार ठरविताना प्रत्यक्ष तासांबरोबर हे वाचनही मोजले गेले पाहिजे.