अनुभव कोणाच्या मालकीचा?

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी नळीवाटे वेळीच काढल्यास अनेक रुग्णांचे अपंगत्व टळते, हे 2015 मधील चाचण्यांनी सिद्ध केले. परंतु ज्या रुग्णालयात ही प्रक्रिया वारंवार होते, तेथेच वेळ कमी लागतो व परिणाम सरस येतात. हे कौशल्य एकट्या डॉक्टरचे नसते. परिचारिका, भूलतज्ज्ञ, तंत्रज्ञ या साऱ्यांचा तो मेळ असतो. करता करता कौशल्य वाढते, हा केनेथ ॲरो यांनी 1962 मध्ये मांडलेला अर्थशास्त्रीय विचार येथेही लागू पडतो.

प्रतापनगरातील रुग्ण नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात काही मिनिटांत पोहोचेल. गडचिरोली मात्र सुमारे 170 किलोमीटर दूर. आणि तेथील ग्रामीण भागात सातांतील एक मृत्यू पक्षाघाताने होतो, असे ‘सर्च’ संस्थेच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. गावोगावी केंद्रे काढून अनुभव विखुरणे हा यावरचा उपाय नव्हे. शासकीय रुग्णालयात कायम नेमणुकीचे, अहोरात्र सज्ज पथक हवे आणि तेथवर वेळेत आणणारी मोफत रुग्णवाहिकाही हवी. कंत्राटावर माणसे बदलत राहिली, तर यंत्र उरेल, पथक उरणार नाही. विदर्भातील कार्यकर्त्यांनी ही मागणी हाती घ्यावी.