‘गौण’ खनिज आणि सड्यावरची शिल्पे

१/ कोकणातील जांभ्याच्या सड्याला महसुली दप्तर ‘पोटखराबा’ म्हणते आणि त्याच जांभ्याला कायदा ‘गौण खनिज’ म्हणतो. कातळशिल्पांचा नाश या दोन शब्दांपासून सुरू होतो; जेसीबी नंतर येतो.

२/ कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या देहात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधोमध माणूस उभा आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायी फिरून असे सडे शोधले. शासनाच्या दप्तरात तोवर तिथे निव्वळ खडक होता!

३/ या शिल्पांची खोली बहुधा काही सेंटिमीटरच असते. चिरेखाण सर्वप्रथम नेमका हाच कठीण पापुद्रा खरवडून फेकते, कारण कापण्याजोगा मऊ चिरा त्याखाली असतो. किल्ला ढासळला तरी जोते उरते. इथे उरतो चौकोनी खड्डा.

४/ ‘शिल्पाभोवती कुंपण घाला, बाकी सडा खणा’ हा तोडगा तर अधिकच फसवा आहे. शिल्पांचा काळ अजून वादात आहे. तो ठरवायचा तर भोवतालची दगडी हत्यारे, घळी, पाणवठे यांचा संदर्भ हवा. सडा गेला की शिल्प राहूनही मुके होते. शिवाय सच्छिद्र जांभ्यात मुरणारे पाणी पायथ्याच्या झऱ्यांना मिळते आणि पावसाळ्यात याच कातळावर दीपकाडी फुलते. याला खराबा म्हणायचे?

५/ २०२२ मध्ये कोकणातील नऊ स्थळे (आठ महाराष्ट्रात, एक गोव्यात) युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्या यादीने कायदेशीर संरक्षण मिळत नाही. केंद्रीय कायद्यातील १०० मीटरची प्रतिबंधित हद्दही केंद्राने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या वास्तूंपुरतीच आहे. न सापडलेले शिल्प कोणत्याच यादीत नसते.

६/ ‘मग घरे कशाने बांधायची?’ प्रश्न रास्त आहे. चिऱ्याचे घर हीही कोकणची परंपराच. जमीनमालकाला चिऱ्याचे पैसे मिळतात, शिल्पाचे काहीच नाही. त्याला खलनायक ठरवणे हा शहरी ढोंगीपणा आहे. त्याला मोबदला द्यावा, परवान्यापूर्वी संपूर्ण सड्याची पायी पाहणी सक्तीची करावी आणि शिल्पाची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी. खाणीच्या अर्जासोबत तोच उतारा जोडावा लागतो.